अतलसी जोडा

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राच्या काठी, ब्लॅकपूल नावाचे एक शहर वसलेले आहे. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून स्फूर्ती घेऊन ह्या शहरातही एक लोखंडी मनोरा उभारण्यात आला. सुमारे 158 मीटर उंचीचा हा मनोरा 1894 साली लोकांसाठी खुला झाला. दुरून येणाऱ्या प्रवाशाची दृष्टी प्रथम त्याच्या शेंड्याकडे जाते. परंतु ज्यांना नृत्याचा नाद आहे, त्यांचे मन मात्र त्याच्या पायथ्याशीच घोटाळते. कारण त्या पायथ्याच्या इमारतीत एक भव्य नृत्यगृह आहे. फ्रँक मॅचम नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने त्याची रचना केली आणि 1899 साली ते सुरू झाले. वर सोनेरी नक्षीचे सज्जे, लखलखणारी झुंबरे, आणि खाली आरशासारखी जमीन! ही जमीन सुमारे 120 फूट लांब आणि 102 फूट रुंद असून, महोगनी, ओक व अक्रोड ह्या लाकडांचे 30,602 लहान ठोकळे एकमेकांशेजारी बसवून ती घडविलेली आहे.

ह्याच शहरात एम्प्रेस नावाचे दुसरे एक प्रशस्त नृत्यगृह आहे. 1920 साली तेथे नृत्यमहोत्सव सुरू झाला. आज ह्या महोत्सवासाठी देशोदेशींचे नर्तक ब्लॅकपूलला येतात. हे नृत्य एकट्याने करावयाचे नसते. एक पुरुष आणि एक स्त्री एकमेकांचा हात धरून, वाद्यांच्या तालावर, पावलाला पाऊल जुळवीत सबंध दालनाला फेर घालतात. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप अशी त्याच्या निरनिराळ्या प्रकारांची नावे आहेत. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नसमारंभातही जोडीजोडीने वॉल्ट्झ नाचण्याची प्रथा आहे. त्यामुळे हे नृत्य मराठी मुलखाला अगदीच परके नाही.

प्रेक्षक ह्या नर्तकांचे डौलदार खांदे पाहतात, घोळदार झगे पाहतात, चेहऱ्यावरचे हास्य पाहतात. परंतु ज्या दोन वस्तूंवर हा सारा डौल तोललेला असतो, त्यांच्याकडे लक्ष जाते ते फार थोड्यांचे. त्या वस्तू म्हणजे नर्तकीच्या पायांतील अतलसी जोडा.

महाराष्ट्रात वहाणा उंबरठ्याबाहेर काढून ठेवण्याची रीत आहे. लावणी असो की कथक, नर्तकी अनवाणी पायांनी उभी राहते आणि पायांत बांधावयाच्या घुंगरांना आधी नमस्कार करते. 'पायाची वहाण पायीच बरी' ह्या म्हणीतही वहाणेला फारसा मान दिलेला नाही. त्यामुळे एखाद्या मुलीने पादत्राण मांडीवर घ्यावे, मऊ ब्रशाने हळूहळू झाडावे, कापसासारख्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवावे, हे दृश्य मराठी मुलांना प्रथम नवलाचे वाटेल. परंतु वीणेच्या तारा पुसणाऱ्या वादकाचे कोणी नवल करीत नाही. ह्या नृत्यात जोडा हे नर्तकीचे वाद्यच होय. घुंगराचा नाद कानांनी ऐकावयाचा. अतलसाचा नाद डोळ्यांनी पाहावयाचा, एवढाच काय तो फरक.

हा जोडा दिसावयास साधा असला, तरी त्याची घडण साधी नसते. रस्त्यावर चालण्याच्या जोड्याला जाड व कठीण तळवा लागतो. नाचाच्या जोड्याचा तळवा मात्र पातळ, लवचीक आणि लवदार चामड्याचा असतो. ह्या चामड्याला सुएड म्हणतात. त्याच्या पृष्ठभागावर बारीक लव असते. ती लव लाकडी जमिनीला किंचित धरते व किंचित सोडते. अजिबात धरले नाही तर पाय घसरेल. अजिबात सोडले नाही तर पाय अडखळेल आणि गुडघ्याला हिसका बसेल. धरणे आणि सोडणे ह्यांचा हा समतोल म्हणजेच नृत्याची गती. तळव्याच्या वर नर्तकीचे पाऊल असते, आणि त्या पावलाला झाकणारे वस्त्र असते अतलस. हे अतलस बहुधा कातडीच्या रंगाचे असते. पाय आणि जोडा एकाच रंगाचे दिसले, की पायाची रेषा पावलाच्या टोकापर्यंत अखंड वाहत गेल्यासारखी भासते.

अतलस हा शब्द मराठीत अरबी भाषेतून, फारसीच्या वाटेने आला. त्याचा मूळ अर्थ गुळगुळीत. इंग्रजीत ह्याच कापडाला सॅटिन म्हणतात. चीनच्या किनाऱ्यावर च्वानचौ नावाचे एक जुने बंदर आहे. मध्ययुगातील अरब व्यापारी त्याला झैतून म्हणत, आणि सॅटिन हे नाव त्या बंदराच्या नावावरूनच पडले असावे असे मानले जाते. म्हणजे चीनचे बंदर, अरबांची गलबते आणि युरोपची नृत्यगृहे ह्या साऱ्यांचा प्रवास एका तळहाताएवढ्या कापडात साठलेला आहे.

परंतु अतलसाचे खरे गुपित त्याच्या नावात नाही. ते त्याच्या विणीत आहे. कोणत्याही विणलेल्या कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. आणि आडवे धागे असतात, त्यांना बाणा म्हणतात. साध्या सुती कापडात उभा धागा एका आडव्या धाग्याच्या वरून जातो, दुसऱ्याच्या खालून जातो, पुन्हा वरून, पुन्हा खालून. त्यामुळे सारे धागे एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. असे कापड मजबूत असते. पण त्याच्या असंख्य चढउतारांवर पडणारा प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि ते निस्तेज दिसते. अतलसात मात्र उभा धागा चार, किंवा कधी सात, आडव्या धाग्यांच्या वरून सरळ पुढे जातो आणि मग एकदाच खाली बुडी मारतो. असे लांब लांब मोकळे धागे एकमेकांना लगटून पसरलेले असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश विखुरला न जाता एकाच दिशेने परततो. संथ पाण्यावर चांदणे चमकावे तशी त्या कापडावर झळाळी उमटते.

आता ह्यातील मर्म पाहावे. जो धागा लांबवर मोकळा पसरला आहे, त्याला शेजारच्या धाग्याचा आधार कमी. काही टोकदार लागले तर तोच आधी उचकटणार. जोराने घासले तर तोच आधी तुटणार. साध्या कापडाचा धागा जागोजागी दडलेला असतो, म्हणून तो सुरक्षित असतो आणि म्हणूनच निस्तेजही असतो. अतलसाचा धागा उघडा राहतो, म्हणून तो चमकतो आणि म्हणूनच तो नाजूकही असतो. ज्या गुणामुळे वस्तूला शोभा येते, त्याच गुणामुळे ती धोक्यात असते. अतलसी जोड्याची निगा राखण्याचे सारे शास्त्र ह्या एका वाक्यात सामावलेले आहे.

नृत्याच्या जोड्यावर डाग पडतात ते कोठून? काही नर्तकीच्या स्वतःच्या पावलांमुळे. नाचताना एक पाऊल दुसऱ्याच्या अगदी जवळून, निसटता स्पर्श करून जावे लागते. त्यामुळे दोन्ही जोड्यांच्या आतल्या कडा एकमेकींवर घासतात आणि तेथे करडी रेघ उमटते. काही डाग जमिनीवरील धुळीचे असतात. ते टाचेच्या खालच्या भागावर व पुढच्या कडेवर बसतात. काही घामाचे असतात. ते आतून बाहेर झिरपतात. आणि काही काळेकुट्ट डाग पावलाच्या अग्रभागी पडतात. ते जोडीदाराच्या जोड्याचे! पुरुष नर्तकाचे जोडे काळ्या चामड्याचे व पॉलिश केलेले असतात. ह्या नृत्यात पुरुष बहुधा पुढे चालतो आणि स्त्री मागे सरकते. त्याचे पाऊल अर्धा क्षण लवकर पडले, किंवा तिचे अर्धा क्षण उशिरा हलले, की काळे पॉलिश अतलसावर आपली मुद्रा उमटवून जाते.

जाणत्या शिक्षकाला असा जोडा एखाद्या वहीसारखा वाचता येतो. आतल्या कडेची रेघ सांगते, की पावले नीट जवळ येत आहेत. अग्रभागीचा काळा डाग सांगतो, की दोघांच्या तालात कोठेतरी चूक आहे. पण ही चूक नेमकी कोणाची, हे काही तो डाग सांगत नाही.

येथेच एक कसोटीचा प्रसंग उभा राहतो. एखादी तेरा-चौदा वर्षांची मुलगी पहिल्या स्पर्धेसाठी निघालेली असते, असे समजू या. वर्षभर पैसे साठवून घरच्यांनी तिला हा जोडा घेऊन दिलेला असतो. दुसरा जोडा नसतो. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा सराव चालू असताना जोडीदाराचे पाऊल तिच्या पावलावर पडते आणि उजव्या जोड्यावर बोटभर काळा डाग उमटतो. तिच्या मनात प्रथम काय येईल? राग. 'तुझ्यामुळे माझा जोडा खराब झाला,' हे शब्द ओठांपर्यंत येतील. त्यानंतर येईल घाई. हाताशी असलेले कोणतेही कापड पाण्यात बुडवून ती तो डाग खसाखसा घासू लागेल.

राग आणि घाई, हे दोघेही अतलसाचे वैरी होत. जोराने घासल्याबरोबर पॉलिश निघत नाही. ते पसरते आणि धाग्यांच्या आत शिरते. बोटभर डागाचा तळहाताएवढा डाग होतो. त्यातच ते मोकळे धागे तुटू लागतात आणि त्यांचे बारीक तंतू वर उभे राहतात. जेथे झळाळी होती तेथे लव दिसू लागते. डाग कदाचित पुढेमागे फिका होईल. पण तुटलेला धागा पुन्हा सांधता येत नाही, आणि गेलेली झळाळी कोणत्याही साबणाने परत येत नाही. म्हणजे डागाने केले नाही एवढे नुकसान तो पुसणाऱ्या हाताने केले!

हीच मुलगी क्षणभर थांबली तर? जोडा पायांतून काढून दिव्याखाली धरून तिने तो नीट पाहिला तर? मग निगेची खरी रीत सुरू होते. तिची पहिली पायरी म्हणजे काहीही न करणे. डाग ओला असेल, तर स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाची घडी त्यावर अलगद टेकवावी आणि उचलावी. मराठीत ह्या क्रियेला फार सुंदर शब्द आहे: टिपणे. पुसणे वेगळे आणि टिपणे वेगळे. पुसणारा हात आडवा फिरतो; टिपणारा हात फक्त टेकतो आणि उचलतो. डोळ्यांतले अश्रू टिपावयाचे असतात; अतलसावरचा डागही तसाच टिपावयाचा असतो. कापड पांढरेच हवे, कारण रंगीत कापडाचा रंग ओलाव्याबरोबर अतलसात उतरण्याचे भय असते.

डाग मातीचा असेल, तर तो पूर्ण वाळू द्यावा. ओली माती घासली की तिचा चिखल होतो. वाळलेली माती झटकली की तिची धूळ होते. ही धूळ मऊ केसांच्या ब्रशाने धाग्यांच्या दिशेने झाडावी. धाग्यांची दिशा ओळखणे कठीण नाही. बोटाचे टोक हळूच फिरवून पाहिले, की एका दिशेला स्पर्श अधिक गुळगुळीत लागतो, तीच दिशा.

एवढ्याने डाग गेला नाही, तर मग पाणी. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार-दोन थेंब घालून फेस करावा. तो फेस प्रथम डागावर लावावयाचा नसतो. टाचेच्या आतल्या बाजूला, जेथे कोणाचे लक्ष जात नाही, तेथे तो लावून पाहावा आणि वाळू द्यावा. तेथला रंग उतरला नाही, कापड आकसले नाही, तरच पुढे जावे. मग कापडाचे टोक फेसात बुडवून घट्ट पिळावे. ते दमट असावे, ओले नसावे. त्याने डाग बाहेरच्या कडेकडून मध्याकडे टिपीत न्यावा. म्हणजे तो पसरत नाही. नंतर साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या कापडाने साबणाचा अंश टिपून घ्यावा.

ह्यानंतरची पायरी पुष्कळांना ठाऊक नसते. अतलसाचा एवढासाच भाग ओला करून तसाच सोडला, तर वाळताना पाण्याच्या कडेशी एक वर्तुळ उमटते. पाण्याने कडेपर्यंत वाहून नेलेला मळ व साबण तेथेच साठतो; डाग जातो आणि त्याच्या जागी डागाची चौकट राहते! म्हणून ज्या तुकड्यावर डाग असेल, तो सबंध तुकडा, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, हलक्या हाताने सारखाच दमट करावा. सारे एकदम वाळले, की वर्तुळाला जागा उरत नाही.

वाळवतानाही धीर हवा. जोड्याच्या आत पांढऱ्या पातळ कागदाचे बोळे भरावेत, म्हणजे त्याचा आकार टिकतो आणि आतला ओलावा शोषला जातो. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. त्याची शाई दमट कापडावर उतरते. जोडा सावलीत, वाऱ्यावर ठेवावा. चुलीजवळ किंवा विजेच्या शेगडीजवळ ठेवला, तर तळवा आणि कापड ह्यांना जोडणारा गोंद मऊ होतो आणि अतलसाला सुरकुत्या पडतात. रंग घालवणारी जालीम औषधे तर दूरच ठेवावीत. कपडे पांढरे करण्याच्या क्लोरीनयुक्त द्रवाने रेशमाचा धागाच खाल्ला जातो. आजकालचे अतलस बहुधा पॉलिएस्टरचे असते. ते अधिक टिकाऊ असले तरी तेलाचे डाग मोठ्या आवडीने धरून ठेवते. अशा तेलकट डागावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी आणि काही तास तशीच राहू द्यावी. पूड तेल शोषून घेते. मग ती ब्रशाने झाडून टाकावी.

तळव्याची निगा मात्र नेमकी उलट्या रीतीने करावी लागते. नाचून नाचून सुएडची लव दबते, तिच्यात धूळ व मेण बसते आणि तळवा गुळगुळीत होऊन घसरू लागतो. तेव्हा बारीक तारांचा ब्रश घेऊन ती लव पुन्हा उभी करावी लागते. वरच्या अतलसाला जो स्पर्श घातक, तोच खालच्या चामड्याला हितकर! एकाच जोड्याच्या दोन भागांना दोन प्रकारची वागणूक द्यावी लागते. सर्वांना एकच न्याय लावणे म्हणजे निगा नव्हे. ज्याला जे मानवते ते देणे म्हणजे निगा.

परंतु पुसण्याच्या सर्व युक्त्यांहून श्रेष्ठ अशी एक युक्ती आहे. ती म्हणजे डाग न पडू देणे. जाणते नर्तक नाचाचा जोडा रस्त्यावर कधीही घालीत नाहीत. नृत्यगृहाच्या दारापर्यंत साधे जोडे घालून जावयाचे, बाकावर बसून ते बदलावयाचे आणि मगच जमिनीवर पाऊल ठेवावयाचे, असा त्यांचा शिरस्ता असतो. ह्याने केवळ अतलस वाचते असे नाही. रस्त्यावरचा एखादा खडा तळव्याला चिकटून आत आला, तर तो त्या लाकडी जमिनीवर ओरखडे काढील. आणि ती जमीन एकट्याची नसते. नाच संपल्यावर जोडा लगेच पिशवीत कोंडत नाहीत. आधी घाम वाळू देतात. पिशवीही प्लॅस्टिकची न घेता कापडाची घेतात, म्हणजे हवा खेळती राहते आणि बुरशी धरत नाही.

जोडीदाराचेही ह्यात एक कर्तव्य असते. पॉलिश केल्यावर तो आपले जोडे कोरड्या कापडाने पुन्हा पुन्हा पुसतो. बोट फिरवले तर बोटाला काळे लागू नये, इतके ते पुसलेले असावे लागतात. ह्या पुसण्याने त्याच्या स्वतःच्या जोड्याची चमक थोडी वाढत असेलही. पण त्याची ही खटपट मुख्यतः दुसऱ्याच्या जोड्यासाठी असते. आपल्या अंगचे काळे दुसऱ्याला लागू नये म्हणून जो आधीच काळजी घेतो, त्याच्याबरोबर नाचावयास कोणालाही आनंदच वाटेल.

मराठी भाषेने 'जोडा' ह्या शब्दाला दोन अर्थ दिले आहेत. पायांत घालावयाच्या दोन वहाणा म्हणजे जोडा. आणि बरोबर चालणारी दोन माणसे म्हणजेही जोडा. त्या मुलीच्या ओठांवर आलेले रागाचे शब्द आणि हातांतले घाईचे कापड ह्यांची आठवण येथे केली पाहिजे. खसाखसा घासल्याने अतलसाचे जे होते, तेच 'तुझ्यामुळे' ह्या एका शब्दाने जोडीदाराच्या मनाचे होते. उद्या त्याच दोघांना हातात हात घालून जमिनीवर उतरावयाचे असते. जो मनुष्य आपल्याशी मोकळेपणाने वागतो, त्याचे मन अतलसाच्या धाग्यासारखे उघडे असते. ते टिपून घ्यावे, घासू नये.

ब्लॅकपूलच्या मनोऱ्यातील नृत्यगृहाला 1956 साली आग लागली. हजारो ठोकळ्यांची ती सुंदर जमीन जळून फार नुकसान झाले. ती पुन्हा पूर्ववत करण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली आणि पैसाही अमाप खर्ची पडला. आज तेथे पुन्हा वाद्ये वाजतात आणि पावले फिरतात. मोठ्या आपत्तीनंतर माणसे पुढे येतात, वर्गण्या जमवतात, मोडलेले उभारतात. त्याचे कौतुक झालेच पाहिजे. पण अशा आपत्ती वर्षानुवर्षांतून एखादीच येते. रोजच्या धुळीचे काय? ती रोज बसते आणि रोजच झाडावी लागते. ह्या कामाचा गाजावाजा होत नाही, त्यासाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही. तरीही नृत्याच्या रात्री दिव्यांखाली जे झळकते, ते ह्याच रोजच्या, कोणी न पाहिलेल्या कामाचे फळ असते.

आणि एवढी निगा राखूनही एखादा डाग जात नाही, तेव्हा काय करावे? ज्यांनी आयुष्य नृत्यात घालविले, ते असा जोडा टाकून देत नाहीत. काहीजण तो गडद रंगात रंगवून घेतात. मग फिका जोडा काळा किंवा जांभळा होऊन नव्याने नाचू लागतो. काहीजण तो सरावासाठी राखून ठेवतात. अतलसाची झळाळी उतरलेली असते, आतल्या कडा करड्या झालेल्या असतात; पण तळव्याची लव नीट उभी असते आणि आतल्या अस्तराने पावलाचा आकार ओळखीचा करून घेतलेला असतो. स्पर्धेच्या रात्री मिरवणारा नवा जोडा आणि रोज पहाटे सरावाला नेणारा जुना जोडा, ह्या दोघांत अधिक मोलाचा कोणता, हे ठरविणे कठीण आहे. नव्या जोड्याला पाहणारे पुष्कळ असतात. जुन्या जोड्याने मात्र नाचणे शिकविलेले असते.